म्हातारे आधी

सदाराम शूटिंगवाला मागच्या हिवाळ्यात गेला, तेव्हा लोक एक गोष्ट सांगू लागले. जन्मभर दुसऱ्यांची शूटिंग केली आणि शेवटी बिचाऱ्याचा स्वतःचाच फोटो सापडेना, म्हणे. त्यात काही खरं नाही. त्याचे फोटो भरपूर होते. मुलीच्या फोनमध्ये होते, आधारकार्डावर होता, विहाराच्या कमिटीच्या फोटोत तर तो मधोमध उभा आहे. मुलीनं त्यातला एक मोठा करून आणला, त्याला पांढऱ्या फुलांचा हार घातला, समोर मेणबत्ती लावली. फोटोत तो डावा डोळा बारीक करून बघतो आहे, जसा जिवंतपणी बघायचा. मी पुढच्याच रांगेत बसले होते, मला नीट दिसला. लोकांना गोष्ट गोड करून सांगायची सवय असते. मला नाही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात बुद्धविहाराच्या मागे आमची घरं आहेत. त्याची आणि माझी भिंत एकच. तो माझ्याहून लहान, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायची आणि तो मला वहिनी म्हणायचा. लग्नाची व्हिडिओ शूटिंग हा त्याचा धंदा. इकडे खैरलांजी, तिकडे कटंगी, वर बैहरच्या घाटापर्यंत कुठंही मांडव पडला की सदारामला बोलावणं यायचं. आमच्या लोकांची लग्नं त्यानं केली, कुणब्या-पवारांचीही केली.

डावा डोळा बारीक का, तर उजवा कॅमेऱ्याला लावायचा म्हणून. इतकी वर्षं तसं केल्यावर तो डोळा पूर्ण उघडायचंच विसरला. जेवतानाही बारीक. त्यामुळे नवीन माणसाला वाटायचं की हा आपल्यावर संशय घेतो आहे.

दुसरी सवय उलटं चालायची. वरातीच्या पुढे कॅमेरा घेऊन चालायचं म्हणजे तोंड वरातीकडे आणि पाठ रस्त्याकडे. ते इतकं अंगात मुरलं की बाजारात कुणाशी बोलून निघायचा तरी चार पावलं उलटी टाकत जायचा. एकदा वारासिवनी रोडवर वरातीत असाच उलटा चालता चालता नालीत पडला. कॅमेरा चालूच होता. त्या कॅसेटमध्ये आधी आभाळ दिसतं, मग एकेक करून लोक वरून वाकतात आणि हसतात. नवरदेवही घोड्यावरून वाकून हसतो आहे. सदारामनं तो तुकडा काढला नाही. म्हणायचा, "वहिनी, एवढे चेहरे एका टायमाले कधी भेटतेत का? नालीत पडल्याबिगर भेटतच नाई."

हसा, इकडे बघा, असं तो कुणाला म्हणायचा नाही. त्याचं एकच वाक्य होतं. "तुमचं चालू द्या."

तो आणि त्याची बायको यशोदा दिवसभर भांडायचे. म्हणजे भांडायची यशोदा, हा कॅमेरा पुसत बसायचा. माझं आणि यशोदेचंही फार पटायचं नाही. पण ती गेली तेव्हा भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला आणि मला घड्याळ बंद पडल्यासारखं वाटलं. तिच्या आवाजावर मला वेळ कळायची.

धंद्यात त्याची एक खोड होती आणि तिच्यामुळे त्याची बरीच कामं गेली. लोक सांगायचे नवरा-नवरीची शूटिंग कर, पाहुण्यांची कर. हा ते करायचा, पण थोडंच. बाकी वेळ त्याचा कॅमेरा मांडवाच्या कोपऱ्यात. भाज्या चिरणाऱ्या बाया, पत्रावळी मोजणारा म्हातारा, खाटेवर बसवून ठेवलेली आंधळी आजी, भात उतरवणारे लोक. कटंगीचे एक गुरुजी तर डिस्क घेऊन थेट घरी आले. मी तेव्हा ओट्यावर तांदूळ निवडत होते.

"सदाराम, हे काय करून ठेवलं? माझे व्याही एकदा दिसून राह्यले आणि वांगे चिरणाऱ्या बाया अर्धा घंटा!"

"दिसून राह्यले ना व्याही?"

"अरे पाठमोरे!"

"मग तोंड तिकडे होतं त्याईचं, मी काय करू?" असं म्हणून त्यानं कॅमेरा बाजूला ठेवला आणि जे वाक्य मी पुढं शंभरदा ऐकलं ते म्हणाला. "गुरुजी, नवरा-नवरी कुठी पळून जात नाई. म्हातारे जातेत."

गुरुजी रागावून गेले. दोन-तीन वर्षांनी परत आले ते डोकं भादरून. आई गेली होती. कार्यक्रमाला फोटो पाहिजे होता आणि म्हातारीनं जन्मात कधी फोटो काढू दिला नव्हता. वांगी चिरणाऱ्या बायांमध्ये ती होती. सदारामनं कॉम्प्युटर लावला, शोधलं, चित्र थांबवलं. म्हातारी तोंड उघडून कुणावर तरी ओरडत होती.

गुरुजी म्हणाले, "तोंड बंद असलेली नाई का?"

सदारामनं मागे-पुढे करून पाहिलं. "गुरुजी, माय कधी तोंड बंद करत होती का?"

गुरुजी आधी रडले आणि मग हसले. तोंड उघडलेलाच फोटो घेऊन गेले. त्याच्या जागी मी असते तर आधी त्या डिस्कबद्दल दोन शब्द सुनावले असते. तो सुनावत नव्हता.

असं करत करत त्याचा खरा धंदा हाच झाला. आमच्यात माणूस गेला की पुण्यानुमोदन ठेवतात, त्याच्या नावानं वंदना घेतात, आणि तेव्हा समोर फोटो लागतो. हिंदूंच्या तेरवीलाही लागतो. आता पोरांच्या फोनमध्ये सगळ्यांचे फोटो आहेत, पण आमच्या वयाच्या माणसांचे तेव्हा कुठले असायला? मग घरचे सदारामकडे यायचे. "आमचा बाबा अमक्याच्या लग्नात गेलता, पाहा ना भाऊ." सदाराम त्या लग्नातून बाबा शोधून काढायचा. आमच्या वॉर्डात भिंतीवर लागलेले निम्मे म्हातारे दुसऱ्याच्या लग्नातून उचललेले आहेत. म्हणून कुणाच्या हातात द्रोण आहे, कुणाच्या गळ्यात पाहुण्यांचा टॉवेल आहे.

एकदा बैहरकडची एक बाई आली. तिचा नवरा इथं वरातीत गॅसबत्ती डोक्यावर घेऊन चालायचं काम करायचा, तो तापानं गेला. सदारामला माणूस आठवत होता. पण बत्ती डोक्यावर असली की उजेड दुसऱ्यांच्या तोंडावर पडतो, घेणाऱ्याचं तोंड अंधारातच राहतं. सदारामनं तीन दिवस खपून त्याचा चेहरा उजळून काढला. बाई आली, तिनं पाहिलं आणि मान हलवली.

"ये नहीं है. इतना गोरा नहीं था."

मला वाटलं हा आता चिडणार. तो परत बसला आणि उजेड कमी करू लागला. थोडा, अजून थोडा. बाईनं एकदम हात वर केला. "बस. अब है." मी पाहिलं तर मला नाक आणि गालाचं एक हाड एवढंच दिसत होतं. पण नवरा तिचा होता.

हे सगळं कशात होतं, ते सांगते, कारण पुढचं त्यावरच आहे. आधी कॅसेटी होत्या. दोन लोखंडी पेट्या भरून. पावसाळ्यात त्यांना बुरशी लागायची. मग डिस्का आल्या, त्यांना चरे पडायचे. मग कॉम्प्युटरला जोडायचा एक डबा आला, तो एके दिवशी आतून टकटक करत बंद पडला. सदारामची एकुलती मुलगी प्रज्ञा तेव्हा नागपूरला एका कॉलेजात शिकवत होती. कॉलेजनं तिला इंटरनेटवर खातं दिलं होतं. मला समजावं म्हणून ती म्हणाली, "मोठीआई, ते एक गोदाम समजा. कुठी हाये ते आपल्याले दिसत नाई, पण किल्ली आपल्याजवळ असते." त्या गोदामात जागेला मोजमाप नव्हतं. दोन उन्हाळे ती बापाजवळ बसली. जेवढ्या कॅसेटी आणि डिस्का चालल्या तेवढ्या, आणि त्या डब्यातून जे वाचलं ते, सगळं तिनं त्या खात्यात चढवलं. मग यशोदेनं कॅसेटी आणि डिस्का भंगारात दिल्या आणि पेट्यांत तांदूळ भरला. म्हणजे आता जे होतं ते फक्त त्या गोदामात होतं.

पुढं यशोदा गेली. त्यानंतर वर्षभरात प्रज्ञानं कॉलेज सोडलं आणि पुण्याला दुसरी नोकरी धरली. कॉलेजनं कळवलं, महिनाअखेर तुमचं खातं बंद होईल, त्यात जे असेल ते काढून घ्या. प्रज्ञानं बापाच्या नावानं नवीन खातं उघडून दिलं, दर महिन्याला भाडं भरायचं आणि हवी तेवढी जागा घ्यायची असं. म्हणाली, "बाबा, मी येतो आणि सामान हलवतो."

सदाराम म्हणाला, "तू नवीन नोकरीवर हायेस, सुट्टी नको मागू. मी करतो." कॉम्प्युटरचा त्याला गर्व होता. कुणाला हात लावू द्यायचा नाही. तिच्या खात्याची किल्ली त्याच्याजवळ होतीच.

एका दुपारी त्यानं मला भिंतीवरून हाक मारली. "वहिनी, या, पाहा. पूरा जिल्हा येऊन गेला."

मी गेले. कॉम्प्युटरवर त्याच्या नव्या खात्यात पिवळ्या पाकिटांच्या रांगा दिसत होत्या. पाकिटांना तारखा नव्हत्या. त्याची नावं त्याच्यासारखीच. कटंगी, आंब्याजवळचं घर. खैरलांजी, दोन विहिरीवाले. नालीत पडलो ते लग्न. त्यानं एक उघडून दाखवलं. लोक जेवत होते, वाढपी धावत होता. सगळं जागेवर.

"एका दुपारी आलं?" मी विचारलं.

"हौ. सोपं होतं. पोरगी उगाच घाबरून राह्यलती."

त्यानं कोपऱ्यावरून जिलबी आणली. मी दोन खाल्ल्या. संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. तोंड दिसणारा फोन होता. यानं मोठ्या ऐटीत सांगितलं. ती खूश झाली नाही.

"बाबा, तुमच्या खात्यात खाली एका कोपऱ्यात जागा किती भरली ते लिहून असते. किती दाखवून राह्यलं?"

यानं डोळा आणखी बारीक केला. "काहीच नाई. सगळी जागा खाली हाये."

तिनं विचारलं, "तुम्ही नेमकं काय केलं?"

"एकेक पाकीट धरलं आणि ह्या खात्याले पाहू द्या, असं दाबलं."

"बाबा, मग सामान आलंच नाई. तुम्ही फक्त पाहायची परवानगी घेतली. सामान माझ्याच खात्यात हाये, आणि ते बंद होऊन राह्यलं."

"पण दिसते ना! मी वहिनीले चालवून दाखवलं."

"दिसते. माझं खातं हाये तोवर दिसते."

मला लगेच कळलं. पूर्वी आमच्या ओळीत एकाच घरी टीव्ही होता आणि आम्ही सगळ्या बायका खिडकीत उभ्या राहून बघायचो. दिसायचं सगळं, ऐकूही यायचं. पण घरवाल्यांनी खिडकी लावली की आमच्या हातात काही नसायचं. सदारामनं एका दुपारी पूर्ण जिल्ह्याला खिडकीत उभं केलं होतं.

 उरलेल्या जिलबीचा कागद त्यानं नीट दुमडून ठेवला.

प्रज्ञा गोंदियामार्गे आली. महिना संपत आला होता. तिनं हिशेब समजावला. इथल्या नेटवर सगळं खाली उतरवून पुन्हा वर चढवायचं तर पावसाळा उजाडेल. एका गोदामातून दुसऱ्या गोदामात परस्पर माल नेणारी एक सोय मिळते, ती तिनं घेतली. त्यात सामान आपल्या घरावरून जातच नाही. पण दिवसाला ठराविकच माल जाऊ देतात. तेवढा झाला की आपोआप थांबतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू होतं. उरलेल्या दिवसांत सगळं जाणार नव्हतं.

"बाबा, काय आधी न्यायचं ते तुम्ही सांगा. माझं म्हणणं, नवीन आधी घ्या. साफ दिसतेत."

सदाराम ओट्यावर जाऊन बसला. मी त्याला चहा दिला, तो तसाच थंड झाला. मग उठून आत आला आणि म्हणाला, "म्हातारे आधी."

"कोणते म्हातारे? सगळ्याच लग्नात म्हातारे हायेत."

"ज्याईचा घरी फोटो नाई, ते ज्या लग्नात असतील ते लग्न आधी. जिवंत असो की गेलेला असो. ज्याईचा फोटो भिंतीवर हाये ते मागून."

"हे तुम्हाले कसं कळणार?"

"विचारतो ना."

आणि तो खरंच विचारायला निघाला. बाहेरगावी फोन केले, वॉर्डात पायी फिरला. मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही चाला. मी एकटा गेलो तर बाया दार उघडणार नाई." मी म्हटलं, दार उघडतील, पण तू जे विचारणार आहेस ते ऐकून झाडू घेतील. म्हणून मी गेले.

तसंच झालं. पहिल्याच घरी सून सुपात तांदूळ पाखडत होती.

सदारामनं विचारलं, "बाई, तुमच्या सासऱ्याचा फोटो हाये का?"

तिच्या हातातलं सूप तिरपं झालं. "काहून? काय झालं त्याईले? आत्ताच तर चहा पिऊन चौकाकडे गेले!"

"काही नाई झालं. असाच विचारून राह्यलो."

"असाच कोणी विचारते का, भाऊ?"

आमच्याकडे सदाराम दारात येऊन फोटोचं विचारतो म्हणजे घरात कुणी गेलं, असाच अर्थ होता. त्यानंच इतकी वर्षं तो अर्थ करून ठेवला होता. आता लोकांचा काय दोष?

पुढच्या गल्लीत बिसनबाबा खाटेवरच भेटला. वय विचारलं तर तो रोज वेगळं सांगतो.

"काय सदाराम, माप घ्यायले आला का माझं?"

"नाई बाबा. घरी फोटो हाये का तुमचा?"

"हाये ना. रेशनकार्डावर."

सुनेनं कार्ड आणून दाखवलं. सदारामनं निरखून पाहिलं. "बाबा, हा तुम्ही नाई वाटत."

"मले बी नाई वाटत," बिसनबाबा म्हणाला. "पण राशन देतेत."

तेवढ्यात त्याचा मुलगा बाहेर आला. भडकला. "शूटिंगवाले, काही शुभ-अशुभ समजते का नाई? माझा बाप जित्ता बसून हाये आणि तुम्ही फोटो मागून राह्यले? चाला, निकला!"

सदाराम मान खाली घालून उभा राहिला. मी राहिले नाही. मी म्हटलं, "ओरडू नको. तुझा बाप जाणार, मी जाणार, तूही जाणार. तुझे फोटो तुझ्या फोनमध्ये हजार आहेत. तुझ्या बापाचा एक तरी आहे का, एवढंच विचारायला आलो."

 आतून त्याची बायको म्हणाली, "नाई हाये, काकू."

सदाराम निघाला, उलट्या पावलांनी. चार पावलांवर थांबून म्हणाला, "बाबा, तुम्ही धाकट्या भाच्याच्या लग्नात पगडी बांधून नाचले होते. ते घेतो मी वर."

"नाचलो होतो का?" बिसनबाबानं मला विचारलं.

असे आम्ही पूर्ण वॉर्ड फिरलो. शिव्या खाल्ल्या, दोन ठिकाणी चहा मिळाला. एका घरी नव्वदीची म्हातारी आनंदानं उठून केस विंचरायला गेली, तिला वाटलं आत्ताच काढतात. सदाराम काही लिहून घेत नव्हता. घरी येऊन मुलीला सांगायचा, "दोन विहिरीवाले वर घे. त्याच्याखाली भरवेलीचं ते टिनाच्या मांडवाचं." प्रज्ञा पाकिटं वर-खाली करायची. परतताना मला म्हणाला, "वहिनी, तुमचा फोटो?"

"मला नको. मेल्यावर मी काय बघायला येणार आहे?"

त्यानं डोळा बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

सामान जाऊ लागलं. ह्या वेळी खरंच जात होतं, कोपऱ्यातला जागेचा आकडा वाढत होता. सदाराम दर थोड्या वेळानं येऊन तो आकडाच बघायचा. पाकिटं उघडून बघायची त्याला आता भीती बसली होती. दिसण्यावर त्याचा भरवसा राहिला नव्हता.

शेवटच्या दिवशी दुपारी प्रज्ञा खालचं काय राहतं ते बघत होती. मोठ्या घरांची काही लग्नं होती, त्यांच्याकडे जाड अल्बम आहेत. आणि अगदी तळाला एक पाकीट होतं. त्यावर नाव होतं, घर.

"बाबा, हे खाली कोणी केलं? याच्यात आई हाये."

"मी केलं."

"काहून?"

त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. यशोदेचा फोटो तिथं लागलेला होता, निळ्या काठाच्या पांढऱ्या पातळातला. "आईचा फोटो हाये."

"बाबा, तो फोटो हाये! याच्यात ती बोलते, चालते. मी लहान हाये याच्यात."

"नियम सगळ्याईले एकच."

मी म्हटलं, "सदाराम, तू मूर्ख आहेस."

तो माझ्याकडे वळला. तो कधी आवाज चढवायचा नाही, तेव्हाही चढवला नाही. "वहिनी, ज्याईच्या दारात जाऊन मी त्याईच्या बापाचं मरण काढलं, त्याईच्या पुढे आता माझी बायको काढू का?"

त्याचं खरं होतं.  मूर्ख मात्र मी अजूनही म्हणते.

प्रज्ञानं त्याच्याशी वाद घातला नाही. ती तिचा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून, बापाला न सांगता, ते घर नावाचं पाकीट सरळ खाली उतरवू लागली. आमच्याकडचं नेट ते. त्यातून दुपारी लाईन गेली, टॉवरही गेला. संध्याकाळपर्यंत तिला एक तुकडा मिळाला. मी तिला भात वाढला. ती जेवता जेवता रडत होती.  रडल्यावर भूक लागते, म्हणून परत वाढला.

सकाळी खातं बंद झालेलं होतं. सदारामनं आपलं खातं उघडलं. जी पाकिटं नुसती दिसत होती ती गेली होती. जी आली होती ती होती. त्यानं सगळ्यात आधी गॅसबत्तीवाला ज्यात होता ते लग्न उघडलं; त्या वरातीत बिनफोटोचे दोन म्हातारे होते, म्हणून ते वर आलं होतं. वरात चालली होती आणि एका बाजूनं तो अंधारातला माणूस उजेड घेऊन जात होता. सदारामनं त्याला पूर्ण जाऊ दिलं, मग बंद केलं.

"आलं, वहिनी."

"आणि जे नाही आलं?"

"ते नाई आलं."

प्रज्ञानं तो तुकडा त्याच्या कॉम्प्युटरमध्ये टाकून दिला आणि पुण्याला गेली. त्यानं तो कधी पाहिला की नाही, मला माहीत नाही. भिंत एक असली तरी मी कान लावत नाही. पण पावसाळ्यात एका दुपारी मी डाळ धूत होते आणि भिंतीपलीकडून यशोदेचा आवाज आला. "ठेवा तो कॅमेरा! नळ जाऊन राह्यला, पाण्याचे गुंड भरा आधी!" मग त्याचं उत्तर, जुन्या वेळचं, तरुण आवाजात. "तुमचं चालू द्या." मग परत पहिल्यापासून, नळ जाऊन राह्यला. मी डाळ धुऊन चुलीवर ठेवली. ती शिजेपर्यंत नळ जातच होता.

बिसनबाबा अजून आहे. सदाराम त्याच्या आधी गेला. बाबा मला विचारत असतो, माझा पगडीवाला फोटो कुणाजवळ हाये? मी सांगते, प्रज्ञाजवळ आहे. खातं आता तीच चालवते, भाडं तीच भरते. कुणी गेलं की लोक तिला पुण्याला फोन करतात आणि ती तिथून फोटो पाठवते.

सदारामला मी शेवटचं नीट पाहिलं ते जाण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, आमच्याच ओळीतल्या एका लग्नात. नंतर दवाखान्यात पाहिला, पण ते मी धरत नाही. त्याचा हात कापायचा, कॅमेरा केव्हाच सुटला होता. लग्नाला भाड्याचा शूटिंगवाला होता, त्याच्याजवळ उडणारा कॅमेराही होता. शिवाय प्रत्येक पोरीच्या हातात फोन, आणि सगळे फोन नवरा-नवरीकडे. आम्ही चार-पाच म्हाताऱ्या मांडवाच्या मागे संध्याकाळच्या पंगतीची वांगी चिरत बसलो होतो.

मी पाहिलं, सदाराम एका पोरीजवळ गेला. ती नवरीच्या मामाची नात, हिंदीतच बोलते. यानं तिचं मनगट हळूच धरलं आणि फोन आमच्याकडे वळवला.

"दादाजी, इधर क्या है?"

"बेटा, दुल्हा-दुल्हन कहीं भाग नहीं रहे. जरा इधर रख."

पोरीला काही समजलं नाही, पण तिनं फोन तसाच धरला. लांबून असेल, तरी तो सरळ माझ्या तोंडावर होता. मला समजलं. मी नको म्हटलेलं त्याच्या लक्षात होतं आणि त्यानं ते मानलं नव्हतं. तो एक डोळा बारीक करून, उलट्या पावलांनी मांडवाबाहेर चालला होता, फोन आमच्यावरून हलतो का ते बघत.

"तुमचं चालू द्या, वहिनी."

मी पदर सारखा केला नाही. हातातलं वांगं किडकं निघालं होतं, ते बाजूला टाकलं आणि दुसरं घेतलं.